डांगराएवढं हृदय

राईचा पर्वत करू नये, असं शहाणी माणसं सांगतात. वाघचौरे सरांची तर सगळी नोकरीच राईचे पर्वत करण्यात गेली होती. त्यांनी केलेला डास करडाएवढा होता. त्यांनी केलेला कान वर्गात न्यायचा तर दारातून आडवा घालावा लागे. जास्वंदीचं फूल मांडलं की त्याच्या पाकळ्या दोन बाकांवर पसरत. आणि हृदय होतं डांगराएवढं, तेही पंगतीला पुरून उरेल असल्या डांगराएवढं. शेंद्र्याच्या शिवारातल्या ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सर विज्ञान शिकवत, तिथं तपासणीला आलेला साहेब आधी दचके, मग हसे आणि जाताना मोबाइलवर फोटो काढून नेई.

“मागच्या बाकावरच्याला दिसलं पाहिजे,” हे सरांचं ठरलेलं उत्तर होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक घाईत असतात, त्यांचं निम्मं लक्ष चहाकडं असतं आणि त्यांना मोठं तेच चांगलं वाटतं, हे सरांना फार लवकर कळलं होतं. आणखी एक कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मोठी वस्तू करायला वेळ जास्त लागतो, आणि संध्याकाळचा वेळ सरांकडं नको इतका होता.

सिडकोतल्या घरात ते एकटेच राहत. बायको पुण्याला लेकाकडं होती. सुनेचं बाळंतपण म्हणून ती पंधरा दिवसांसाठी गेली, मग नातू रांगायला लागेपर्यंत, मग चालायला लागेपर्यंत, मग बालवाडीत जाईपर्यंत अशी मुदत वाढत राहिली. भांडण नाही, तंटा नाही. तक्रार करावी असं काही नव्हतंच आणि तीच खरी अडचण होती. बायको वारली तर माणसाला रडता तरी येतं. नातू सांभाळायला गेलेल्या बायकोसाठी कुणी रडत बसलं तर लोक हसतील. म्हणून सर रडत नसत. ते शाळेतून येत, स्कूटर लावत आणि बाह्या सावरून रद्दी भिजवलेल्या घमेल्यात हात घालत.

कागदाच्या लगद्यात ते भिजवलेली मेथी वाटून घालत. त्यांची आई टोपल्या लिंपायची तेव्हा असंच करायची. मेथीनं लगदा चिवट होतो आणि त्याला कीड लागत नाही. त्यामुळं सरांच्या घराला मेथीचा वास असे, शर्टाला असे आणि त्यांच्या प्रत्येक मॉडेललाही असे. खोलीभर सुकत पडलेली फुप्फुसं, मूत्रपिंडं, आतडी यांच्यातून वाट काढत सर स्वयंपाकघरात जात, दोन पोळ्या करत आणि टीव्ही लावून बसत. कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं की हा माणूस एक अख्खा माणूस जोडायच्या खटपटीत आहे.

शाळेतली पोरं मॉडेल बघून “भारी!” म्हणत आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागत. त्यात त्यांचा दोष नव्हता. डोळ्यांना एक नजर टाकली की पुरे होतं. हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं, पण पाचवीच्या वर्गात लाइबा आली.

लाइबा ही कय्युमची मुलगी. कय्युम गावातलाच, शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर जाणारा. लाइबाला जन्मापासून दिसत नव्हतं. तालुक्याहून मोनिका मॅडम आठवड्यातून एकदा येऊन तिला ब्रेल शिकवत, बाकीचे दिवस ती पहिल्या बाकावर मान थोडी कलती करून ऐकत बसे. सरांनी डास शिकवला त्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, “सर, मी वाचू का?”

हात लावायला ती वाचणं म्हणे. मधली सुट्टी संपेपर्यंत तिनं डास वाचला. सोंड, डोळे, पंख, पोटावरची वळी, सगळं बोटांनी पुन्हा पुन्हा. शेवटी ती म्हणाली, “सर, ह्याचा मागचा एक पाय उलटा बसलाय.”

त्या डासाला जिल्ह्याचं बक्षीस मिळालेलं होतं. परीक्षकांनी तो फिरून फिरून पाहिला होता, पेपरात फोटो आला होता आणि उलटा पाय कुणालाही दिसला नव्हता. सरांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी डास परत तिच्यापुढं सरकवला. इतक्या वर्षांत त्यांचं काम पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं होतं.

त्या दिवसापासून सर मॉडेल करू लागले ते एका लाइबासाठी. मागचा बाक गेला खड्ड्यात. शिरांना त्यांनी सुतळी लावली, धमन्यांना रबरी नळी. जिथं रंगानं काम भागत असे तिथं आता खरखरीत कागद आला, मखमल आली, मेणकापड आलं. गुलमंडीतले दुकानदार विचारू लागले, “सर, घरात लगीन हाय का काय?” सर हसून वेळ मारून नेत. सातवीत रक्ताभिसरणाचा धडा आला तेव्हा त्यांनी डांगराएवढं हृदय केलं ते बिजागरी लावून, पेटीसारखं उघडणारं, आत चार कप्पे असलेलं. लाइबानं ते वाचलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, “सर, दिलाला मेथीचा वास का येतो?” त्यावर सर इतके हसले की शेजारच्या वर्गातून आप्पासाहेब हेडमास्तर डोकावून गेले. घरी आल्यावर तेच आठवून सर परत एकदा हसले, पण एकट्यानं हसलेलं फार टिकत नाही.

तिच्याशीच ते काय ते बोलत. नातवाला पहिला दात आला, नातू ‘आबा’ म्हणाला, हे स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलं नसेल ते लाइबाला सांगितलेलं असे.

त्याच वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. मधल्या सुट्टीत लाइबा नेहमीसारखी शाळेतल्या मॉडेलच्या खोलीत आली आणि हृदय उघडून बसली. तिची बोटं मधल्या पडद्यावर रेंगाळत होती. डाव्या-उजव्या कप्प्यांमधली ती भिंत, जिच्यामुळं चांगलं रक्त आणि वाईट रक्त वेगळं राहतं.

“सर, ह्या पडद्याला भोक पडतं का कधी?”

असा प्रश्न सरांना उभ्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. मास्तर माणूस चांगल्या प्रश्नाला भुकेला असतो. प्रश्न आला की तो प्रश्नावरच झडप घालतो, विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं त्याच्या ध्यानात राहत नाही. सरांचंही तेच झालं. “पडतं की! काहींना जन्मतःच असतं. थांब, तुला दाखवतोच,” असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून कटर काढला आणि मागचापुढचा विचार न करता मधल्या पडद्याला वरच्या अंगाला चांगलं मूठ जाईल एवढं भोक पाडलं. मग ते धावतच शाळेच्या स्वयंपाकघरात गेले, खिचडी करणाऱ्या मनकर्णाबाईंकडून तांब्याभर कोमट पाणी घेतलं आणि माठातलं तांब्याभर गार.

“आता हात घाल. डावीकडं कोमट, हे चांगलं रक्त. उजवीकडं गार, हे वाईट. लागतंय वेगवेगळं?”

“व्हय सर.”

“आता बघ.” सरांनी हृदय दोन्ही हातांनी उचललं आणि कलतं केलं. इकडचं पाणी तिकडं झालं, तिकडचं इकडं झालं. थोडं काठावरून लाइबाच्या फ्रॉकवर आणि फरशीवर सांडलं. ना धड कोमट ना धड गार असं पाणी तिच्या मनगटापाशी हेलकावत राहिलं.

“बघ! सगळं एक झालं. मग अंगाला प्राणवायू पुरत नाही. पोरगं दमतं, दूध ओढत नाही, कधी निळंसुद्धा पडतं.”

लाइबानं हात बाहेर काढला. “सर, उचललं की असं व्हतं?”

“होणारच! भोक आहे म्हटल्यावर होणारच,” सर म्हणाले. ते आपल्या युक्तीवर फार खूश होते. न दिसणाऱ्या मुलीला रक्ताचे दोन रंग हातानं कळावेत, ही कल्पना त्यांना स्वतःलाच इतकी आवडली की ते फडकं घेऊन फरशी पुसतानाही गुणगुणत होते. लाइबा ओल्या फ्रॉकनं तशीच उभी राहिली आणि घंटा झाल्यावर वर्गात गेली. ती विचारात पडली, असं सरांना वाटलं. विचारात पडणं चांगलंच असतं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरांनी विचारलं तर म्हणाली, “हात दुखतोय.” पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी केलेलं मूत्रपिंड तिनं बोट न लावता परत सरकवलं. मग शाळेत येणंच कमी झालं. सरांनी मधल्या सुट्टीत खोली उघडून बसायची सवय सोडली नाही. बाहेर पावलं वाजली की ते मान वर करत, आणि पावलं नळाकडं निघून जात.

गणपती बसायच्या सुमाराला मोनिका मॅडमनी बातमी आणली. लाइबाला दिवाळीनंतर लांबच्या एका निवासी अंधशाळेत घालणार होते. कय्युम चौकशी करून आला होता, जागाही होती.

“पण का? इथं चांगलं चाललं होतं तिचं,” सर म्हणाले.

“उन्हाळ्यात भाऊ झाला ना तिला, त्यावरून बिघडलीय म्हणे. सुरुवातीला ठीक होती, आता त्याच्या जवळसुद्धा जात नाही. परवा तिची अम्मी, शमशादभाभी, पाण्याला गेली होती. बाळ रडून रडून लाल झालं, आणि ही कोपऱ्यात हात मागं बांधून उभी. शमशादभाभी म्हणतात, जळते भावावर. पोरासाठी भीती वाटते त्यांना. एवढ्या लहान बाळाला हिच्यापाशी कसं ठेवायचं?”

सरांना ऐकून वाईट वाटलं, पण पहिल्यांदा वाईट वाटलं ते स्वतःसाठी. खरं ते सांगून टाकलेलं बरं. आता माझी मॉडेलं कोण वाचणार, हाच विचार आधी आला. त्या संध्याकाळी त्यांनी घमेल्यातला लगदा तसाच ठेवला. टीव्ही लावला नाही. बायकोचा फोन आला तर “बरं आहे, बरं आहे” म्हणून ठेवून दिला. आता लगदा आंबेल, फेकावा लागेल, हे त्यांना कळत होतं, पण उठवत नव्हतं. खोलीतली सगळी इंद्रियं भोवती पडली होती आणि त्यातलं एकही कुणाच्या कामाचं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी ठरवलं, लाइबाच्या घरी जायचं आणि तिला पाठवू नका म्हणून कय्युमला गळ घालायची. रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून ते आधी शाळेत गेले, हृदय काढलं, चादरीत गुंडाळलं आणि स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवलं. तिला हेच सगळ्यात आवडतं, अशी त्यांची समजूत होती. माणूस चुकतो तेव्हा असा चादरीत गुंडाळून चुकतो.

कय्युम रात्रपाळी करून आलेला होता, तरी उठून पुढं आला. “या या सर! आज हिकडं कसं काय? शमशाद, चाय ठेव.”

दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत बाज, बाजेवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. शमशाद आत चहाचं बघत होती. लाइबा मधल्या दारात उभी होती. सरांनी जमिनीवर चादर सोडली. खोलीत मेथीचा वास पसरला, तशी लाइबा मागं सरली. पाठ भिंतीला लागेपर्यंत ती मागं सरली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

“लाइबा, तुझ्यासाठीच आणलंय. वाच की.”

“नको सर.”

“देखा ना सर?” शमशाद आतून म्हणाली. “अब ये असंच करती. कशालाच हात लावत नाय. भावाला तर नायच नाय. एवढं रडला तरी उचलत नाय. जलती उसपर.”

लाइबा तशीच भिंतीला टेकून होती. ती रडतही नव्हती. आपल्याविषयी काय बोललं जातं हे तिनं बरेच दिवस ऐकलेलं होतं आणि त्याची तिला सवय झाली होती. 

शमशाद चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “सर, तुमी घरचे हाय म्हणून सांगते. ह्या फरदीनच्या दिलात छेद हाय. घाटीच्या दवाखान्यात तपासलं. कुणाला बोललो नाय आमी, बोललं की नजर लागती. हिलाबी बजावलं, बाहेर तोंड उघडायचं नाय. असलं नाजूक पोरगं, आन् सगी बहीण त्याला हात लावत नाय. सांगा, काय म्हणावं?”

कप सरांच्या हातातच राहिला.

सर, ह्या पडद्याला भोक पडतं का? उचललं की असं व्हतं? होणारच, होणारच. फरशी पुसताना आपण गुणगुणत होतो, हेही त्यांना आठवलं. पोरीला घरी तोंड उघडायची बंदी होती म्हणून तिनं भावाचं नाव न घेता विचारलं होतं. तिला जगात विचारायला एकच माणूस होता, आणि त्या माणसानं कटर काढून भोक पाडून दाखवलं होतं.

गप्प बसायला जागा होती. कुणाला काहीही कळलं नसतं. चहा पिऊन, दोन गोष्टी समजुतीच्या बोलून सर निघाले असते, तर त्यांची अब्रू शाबूत राहिली असती आणि लाइबा दिवाळीनंतर गेली असती. क्षणभर हा विचार त्यांच्या मनात आलाही. मग त्यांनी कप खाली ठेवला.

“भाभी, ती जळत नाही. ती त्याला जपतीय. उचललं तर तो मरेल असं तिला वाटतंय. आणि हे तिला मी शिकवलंय.”

कय्युमला काही उमगेना. “तुमी? तुमी कसं काय?”

सरांनी हृदय उघडलं, कय्युमचा हात धरला आणि मधल्या पडद्याच्या भोकात घातला. कारखान्यात लोखंड उचलणारा तो हात मनगटापर्यंत आत गेला. “पोरीला हेच दाखवलं मी. पाणी ओतून, हलवून दाखवलं. म्हटलं, असं होतं.”

“या अल्ला,” कय्युम म्हणाला आणि त्यानं हात झटकन बाहेर ओढला. मग तो लेकीकडं बघत राहिला. शमशादनं पदर तोंडाला लावला.

सर लाइबासमोर जमिनीवर बसले. “लाइबा, हे हृदय एवढं नसतं गं.”

“कागदाचं हाय, मला माहितीय.”

“तसं नाही. खरं एवढं मोठं नसतं. मी मोठं केलंय, सगळ्यांना दिसावं म्हणून.”

तिची मान कलती झाली, ती ऐकताना व्हायची तशी. “मग खरं केवढं असतं?”

तीन वर्षं तिला शिकवलं, आणि ही गोष्ट सांगायची राहून गेली होती. दिसणाऱ्या पोरांना ती सांगावी लागत नव्हती. त्यांनी डास पाहिलेला असे, बोकडाचं काळीज खाटकाकडं लटकताना पाहिलेलं असे. सरांनी मोठं केलं की ती आपल्या मनानं लहान करून घेत. लाइबाकडं तिच्या हातांत आलेलं तेवढंच होतं आणि ते तिनं जसंच्या तसं खरं मानलं होतं, कारण ते सरांनी दिलं होतं.

“मूठ वळ तुझी,” सर म्हणाले. “तुझं हृदय तुझ्या मुठीएवढं.”

तिनं पाठीमागचा एक हात पुढं आणला, मूठ वळली आणि दुसऱ्या हातानं ती चाचपली. “एवढंसं? आन् फरदीनचं?”

“त्याच्या मुठीएवढं.”

“पण तो तर...” तिला शब्द सापडेना. “अम्मीनं एकदा माझ्याजवळ दिला व्हता, गुंडाळून. तो ह्या दिलाएवढाच लागला हाताला. एवढाच गोल, एवढाच जड. मला वाटलं, तो सगळा दिलच हाय. आन् मधी भोक.”

 मग कय्युमनं घसा साफ केला. “डॉक्टर म्हणले बारीक हाय बेटा. वाढंल तसं आपोआप बुजंल म्हणले, नुसतं दाखवायला आणत जा. तुला कुणी सांगितलंच नाय.”

“बारीक म्हंजी केवढं?”

कय्युमनं सरांकडं बघितलं. सर शमशादला म्हणाले, “भाभी, घरात बाजरी आहे?” तिनं डब्यातून चिमूटभर आणली. सरांनी त्यातला एक दाणा लाइबाच्या तळव्यावर ठेवला. तो तिला आधी सापडलाच नाही. बोटानं फिरून फिरून शोधला तेव्हा कुठं लागला. तेवढ्यात तो निसटून जमिनीवर पडला आणि दिसणाऱ्या तिघांनाही परत सापडला नाही.

लाइबा भिंतीपासून सुटली. बाजेपर्यंत ती आली ती पाय ओढतच. शमशादनं दुपट्यातून बाळाचा हात बाहेर काढला. लाइबानं त्याची मूठ चाचपली, सोडली, परत चाचपली. मग ती खाली मांडी घालून बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. शमशादनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. लाइबा श्वास धरून बसली. फरदीननं पाय झाडले, जांभई दिली, अंग वळवलं, आणि काहीही सांडलं नाही. थोड्या वेळानं तो झोपला.

शमशाद तिच्या शेजारी बसून रडू लागली. “माफ कर गं. कहीं नहीं भेजती तुला. कहीं नहीं.” कय्युम दाराबाहेर जाऊन उभा राहिला. सर ज्यासाठी आले होते ते न मागताच झालं होतं, पण त्यांना ते मिळवल्यासारखं वाटत नव्हतं.

“सर,” लाइबा हळूच म्हणाली, बाळ उठू नये म्हणून. “मग डास?”

“तो बाजरीच्या चार-पाच दाण्यांएवढा.”

“मला वाटायचं, चावतो तेव्हा त्याचं टोक तेवढं लागतं. बाकीचा वर उभा राहतो रातभर.” तिला हसू आलं, मग ते गेलं. “आन् फुप्फुस? आतडं? मूत्रपिंड?”

एकेक नाव ती घेत गेली आणि सर एकेक वस्तू लहान करत गेले. सांगताना त्यांना वाटत होतं की आपण एकेक मॉडेल आपल्याच पायाखाली तुडवतोय. त्यांच्या घरातल्या सगळ्या संध्याकाळी त्या मॉडेलांमध्ये गेल्या होत्या. तरी त्यांनी एकही सोडलं नाही.

“सर, तुमी सांगितलं का नाय?”

“माझ्या ध्यानातच आलं नाही. करताना मी माझ्यातच होतो. चुकलं माझं.”

तिनं हा जबाब थोडा वेळ तोलून बघितला. मग मान हलवली. आता तिला मोजायचा नाद लागला होता. अम्मीची मूठ झाली, अब्बूला आत बोलावून त्याची झाली. “सर, तुमच्या नातवाची केवढी हाय?”

सर दर रविवारी नातवाला बघत. मोबाइलच्या पडद्यावर कधी तो बोटाएवढा असे, तर कधी कॅमेऱ्याला चिकटला की नुसतं नाकच पडदाभर दिसे. त्याची मूठ केवढी आहे हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि आपल्याला ते माहीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

“माहीत नाही गं.”

“बघितली नाय?”

“बघितलीय. धरली नाही.”

“मग तुमची द्या,” लाइबा म्हणाली.

सरांनी मूठ वळून पुढं केली. मेथी आणि डिंकानं खरखरीत झालेली ती मूठ लाइबानं दोन्ही तळव्यांत घेतली. बायको पुण्याला गेल्यापासून त्यांचा हात कुणी असा धरला नव्हता, आणि ती होती तेव्हाही असं शेवटचं कधी झालं होतं ते त्यांना आठवेना. लाइबानं अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वाचलं, सांध्यांवरून बोट फिरवलं आणि तिच्या चेहऱ्यावर जराशी निराशा आली.

“एवढंच, सर?”

“हो. सगळ्यांचं एवढंच असतं.”

“मला वाटायचं, तुमचं तरी डांगराएवढं असंल.”

कय्युम हसला, शमशाद डोळे पुसता पुसता हसली. सरही हसले. मोजून झालं होतं. तरी सरांनी मूठ मागं घेतली नाही, आणि अजून काही वाचायचं राहिलं असेल असं समजून लाइबानंही ती सोडली नाही.